राखणाराही कलावंत

मंडळी, आपल्या कर्जतला कामिका एकादशीला संत गोदड महाराजांचा रथ निघतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या रथाचा दोर धरला असेल. आम्हीही धरला आहे. त्या दिवशी सगळ्यांची नजर रथाकडे असते, आणि ते बरोबरच आहे. पण रथाच्या चाकाला वंगण कोणी घातले? आदल्या दिवशी रथ पुसून लख्ख कोणी केला? हे कोणी विचारीत नाही. तो माणूस गर्दीत आपल्या शेजारीच उभा असतो.

आज आम्ही तुम्हाला अशाच माणसांची हकिकत सांगणार आहोत. ही माणसे दुसऱ्यांच्या मौल्यवान वस्तू राखतात, पुसतात, उचलतात, मांडतात. काम संपले की घरी जाऊन स्वतःही काहीतरी घडवितात. त्यांनी घडविलेल्या वस्तूंचे एक प्रदर्शन भरते. ते कोठे भरते, कसे भरते, आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते पाहू या.

वस्तुसंग्रहालय म्हणजे काय?

आपल्या घरात माळ्यावर एखादी पेटी असते. तिच्यात आजोबांची पगडी असते, पणजीचा अडकित्ता असतो, एखादा जुना दस्तऐवज असतो. त्या वस्तू रोज लागत नाहीत. तरी आपण त्या टाकून देत नाही. का बरं? त्या पाहिल्या की आपली माणसे आठवतात.

अशीच पेटी साऱ्या समाजाची असली तर तिला म्हणावयाचे वस्तुसंग्रहालय. तिथे जुनी नाणी असतात, शस्त्रे असतात, मूर्ती, पोथ्या, चित्रे, कापड, भांडी असतात. लोक येतात, पाहतात, शिकून जातात. आपल्या जिल्ह्याच्या गावी, म्हणजे अहिल्यानगरला, असे एक ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. कचेरीच्या कामाला जाल तेव्हा सवड काढून पाहून या.

अशा जागी माणसेही पुष्कळ लागतात. दारावर पहारेकरी लागतो. तिकिटे देणारा लागतो. केरवारे करणारी बाई लागते. सुतार लागतो, वायरमन लागतो. जड मूर्ती सांभाळून उचलणारे हमाल लागतात. फाटलेले कागद आणि भंगलेली भांडी सांधणारे कारागीर लागतात. हिशेब ठेवणारे कारकून लागतात. पाहणारे लोक येतात आणि जातात. ही माणसे मात्र वर्षानुवर्षे त्या वस्तूंच्या संगतीत असतात.

दोन संग्रहालये, एकच साल

अमेरिका देशात न्यूयॉर्क नावाचे मोठे शहर आहे. तेथे ‘मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट’ नावाचे संग्रहालय आहे. त्याची स्थापना १८७० साली झाली आणि १८७२ साली ते लोकांसाठी उघडले. आज तेथे पंधरा लाखांच्या आसपास वस्तू आहेत. काही तर पाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

हे १८७२ साल लक्षात ठेवा. त्याच साली, मे महिन्याच्या २ तारखेला, आपल्या मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेतले संग्रहालय उघडले. तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ असे होते. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. भाऊ दाजी हे मुंबईतले नामांकित डॉक्टर. जुने शिलालेख वाचण्यातही त्यांचा हातखंडा होता. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून त्यांनी आणि नाना शंकरशेट यांनी फार खटपट केली होती.

एक न्यूयॉर्कचे, एक मुंबईचे. दोघेही एकाच वर्षी लोकांना खुले झाले. आता या दोन्ही ठिकाणच्या नोकरमाणसांची गोष्ट ऐका.

नोकरमाणसांचे प्रदर्शन

न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयात १९३५ सालापासून एक प्रघात आहे. तेथे अधूनमधून नोकरमाणसांनी स्वतः केलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन भरते. त्यात कोण कोण असते? पहारेकरी असतात, वस्तू हलविणारे कामगार असतात, ग्रंथपाल असतात, कचेरीत काम करणारे असतात. कोणी चित्र काढलेले असते, कोणी फोटो काढलेला असतो. कोणी मूर्ती घडविलेली असते, तर कोणी मातीचे भांडे केलेले असते. कोणी कापडावर सुईदोऱ्याने काम केलेले असते.

पण एक गोष्ट होती. हे प्रदर्शन बाहेरच्या लोकांना पाहावयास मिळत नसे. नोकरमाणसे, त्यांचे घरचे लोक आणि बोलावलेले पाहुणे, एवढ्यांनीच ते पाहावयाचे. बाहेर हजारो लोक तिकीट काढून चित्रे पाहात असत. त्यांना वाट दाखविणारा पहारेकरी स्वतःही चित्रकार आहे, हे त्यांना ठाऊकही नसे.

असे किती वर्षे चालले? तब्बल ८७ वर्षे. शेवटी २०२२ सालच्या जून महिन्यात हे प्रदर्शन पहिल्यांदा सगळ्यांसाठी उघडले. दोन आठवडे ते चालले. साडेचारशेहून जास्त कलाकृती त्यात मांडल्या होत्या. पुढे २०२४ सालीही ते लोकांसाठी खुले ठेवले होते.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, एवढी कला अंगात आहे, तर मग ही माणसं पहारा कशाला करतात?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या गावातच आहे. भजनात पखवाज वाजविणारा आपला गडी सकाळी डेअरीला दूध घालतो. भारुडात सोंग घेणारा दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी करतो. कलेवर पोट भरेलच असा भरवसा नसतो. चित्र विकले जाईल तेव्हा जाईल. पीठमीठ मात्र रोज लागते. म्हणून माणूस नोकरी धरतो आणि उरलेल्या वेळात आपली आवड जपतो. त्यातही संग्रहालयाची नोकरी मिळाली, तर थोरामोठ्यांची चित्रे रोज डोळ्यांपुढे राहतात. कलावंताला याहून चांगली शाळा कोणती?

पहारेकऱ्याचे चित्र

न्यूयॉर्कमध्येच ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ नावाचे आणखी एक संग्रहालय आहे. तेथे नव्या काळातली चित्रे आहेत. १९५३ साली रॉबर्ट रायमन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण तेथे पहारेकरी म्हणून लागला. तो न्यूयॉर्कला आला होता वाद्य वाजवायला. सॅक्सोफोन म्हणून फुंकून वाजवायचे एक वाद्य असते, ते तो वाजवीत असे. पोटासाठी त्याने पहाऱ्याची नोकरी धरली.

पहारेकऱ्याचे काम काय? उभे राहावयाचे आणि पाहावयाचे. कोणी चित्राला हात लावू नये, एवढे सांभाळावयाचे. रायमन दिवसभर लोकांकडे पाही, तशी चित्रांकडेही पाही. आपण पाच मिनिटांत ज्या चित्रापुढून निघून जातो, त्यापुढे तो महिनेच्या महिने उभा होता. रंग कसा लावला आहे, कोठे जाड, कोठे पातळ, कडेला काय केले आहे, हे त्याच्या नजरेत भरले. एके दिवशी त्याने दुकानातून रंग आणि कुंचले आणले आणि घरी करून पाहिले. तो कोणत्याही चित्रशाळेत शिकला नव्हता. पहाऱ्याची जागा हीच त्याची शाळा झाली.

१९५८ साली त्या संग्रहालयाने आपल्या नोकरमाणसांच्या कामाचे प्रदर्शन भरविले. त्यात रायमनचे चित्र पहिल्यांदा लोकांपुढे आले आणि ते विकलेही गेले. १९६० साली त्याने पहाऱ्याची नोकरी सोडली. पुढे तो मोठा चित्रकार म्हणून नावाजला. त्याची चित्रे बहुतेक पांढऱ्या रंगाचीच असत. नुसत्या पांढऱ्या रंगात काय पाहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या चुन्याने सारविलेल्या भिंतीकडे सकाळी, दुपारी आणि सांजेला पाहा. एकच पांढरा रंग तीन तऱ्हांचा दिसतो. रायमनला हेच दाखवावयाचे होते.

१९९३ साली त्याच संग्रहालयाने रायमनच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. ज्या घरात तो पहाऱ्याला उभा राहात असे, त्या घरात आता त्याच्या चित्रांवर दुसरे पहारेकरी पहारा देत होते. २०१९ साली रायमन वारला.

तो एकटाच असा होता असे समजू नका. त्याच सुमारास डॅन फ्लेविन हाही तेथे पहारेकरी होता. सॉल लेविट तेथे पुस्तके विकण्याच्या टेबलावर बसत असे. दोघेही पुढे जगाला माहीत झाले. फ्लेविनने तर आपल्या घरात लावतो तसल्या ट्यूबलाइटच्या नळ्यांतून कला उभी केली.

मुंबईचे मातीचे देखावे

आता मुंबईला येऊ. भायखळ्याच्या संग्रहालयात शिरलात की काचेच्या पेट्यांत लहान लहान मातीच्या बाहुल्या दिसतील. वीतभर माणसे, पण पागोट्याची घडीन् घडी दिसते. निरनिराळे पोशाख, निरनिराळे धंदे, खेळ, खेड्यातली घरे, सारे तेथे आहे. गणपतीपुढे आपण देखावा मांडतो ना, तसे देखावे आहेत.

या वस्तू कोठून विकत आणल्या असतील? पुष्कळशा विकत आणलेल्या नाहीत. त्या संग्रहालयाच्या माणसांनी तेथेच घडविल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सेसिल बर्न्स नावाचे इंग्रज गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख होते. या संग्रहालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. त्यांनी संग्रहालयातच मूर्ती घडविण्याचे काम सुरू केले. त्यांच्यामागून आलेल्या अर्नेस्ट फर्न यांनी ते पुढे चालविले. लोकांना आपल्याच मुलखाची माहिती व्हावी, हा त्यात हेतू होता. पुस्तक वाचता न येणाऱ्यालाही देखावा पाहून कळते.

म्हणजे पाहा. न्यूयॉर्कला नोकरमाणसांची कला वेगळ्या प्रदर्शनात मांडली. मुंबईला नोकरमाणसांची कला हाच संग्रहालयाचा ठेवा झाला. शंभर वर्षे उलटली तरी लोक ती पाहतात. जुनी झालेली इमारत आणि वस्तू दुरुस्त करून २००८ साली ते संग्रहालय पुन्हा उघडले आहे. राणीच्या बागेत वाघ पाहायला जाल, तेव्हा हेही पाहा.

आमची चूक

आम्ही हे सारे सांगतो आहोत, त्याला एक कारण आहे. आम्ही स्वतः एक चूक केली आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

आम्ही या तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेत एक शिपाई होते. मुले त्यांना मामा म्हणत. म्हणून आम्हीही मामाच म्हणत असू. मामा घंटा देत, पाणी भरत, वर्ग झाडीत. आमचा टपाल नेण्याचा निरोप कधी चुकला नाही. पंधरा वर्षे आम्ही त्यांच्याबरोबर काम केले.

एका वर्षी स्नेहसंमेलनात मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरविले. सकाळी आम्ही टेबलांवरून नजर फिरविली, तो एका टेबलावर मातीची बैलजोडी दिसली. काळ्या मातीत कापूस कालवून केलेली. शिंगांना बाभळीचे काटे लावले होते. अंगाला चुना होता आणि झुलीला गेरू. डाव्या बैलाने मान जराशी वळविली होती. आपला जोडीदार आला की नाही, हे तो पाहात होता.

“हे कोणत्या वर्गातल्या मुलाने केलं?” आम्ही विचारले.

एक पोरगी म्हणाली, “गुरुजी, ते आपल्या मामांनी केलंय. आम्हीच इथं ठेवलं.”

आम्ही म्हणालो, “प्रदर्शन मुलांचं आहे. हे इथून काढा.”

नियम खरा होता. पण ती जोडी दुसऱ्या टेबलावर ठेवता आली असती. आमच्या कचेरीत ठेवता आली असती. तेवढे आम्हाला सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हाला शिपाई ठाऊक होता, मामा ठाऊक नव्हते. मामांनी ती जोडी पंचात गुंडाळली. “राहू द्या गुरुजी, गंमत म्हणून केलं व्हतं,” एवढेच ते बोलले. आणि घंटा द्यावयास गेले.

पुढे आम्ही निवृत्त झालो. काही वर्षांनी मामा वारले. मग एके दिवशी न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाची हकिकत आमच्या वाचनात आली. पहारेकऱ्याचे चित्र भिंतीवर लागले, हे वाचले आणि आम्हाला ती बैलजोडी आठवली. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या घरी गेलो.

मामींनी पाणी दिले. देवळीत ती जोडी होती. एका बैलाचे शिंग गळाले होते.

आम्ही विचारले, “मामांनी आणखी काही केलं होतं का?”

मामी म्हणाल्या, “लगीन झाल्यापासून करीत व्हते. दर पोळ्याला नवी जोडी. शाळंतून ही माघारी आली, तवापासून माती हातात धरली न्हाई.”

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही त्या माउलीची क्षमा मागितली. मामांची मागावयाची राहून गेली.

आमच्या गावचे प्रदर्शन

त्यानंतर आम्ही साक्षरता वर्गातल्या मंडळींशी बोललो आणि या वर्षीच्या २६ जानेवारीला चावडीत एक लहानसे प्रदर्शन भरविले. मुलांचे नव्हे, मोठ्यांचे. गावाची कामे करणाऱ्या सगळ्यांना सांगितले, “तुमच्या हातचं काहीही आणा.” तुमच्या गावातही ते करता येईल. म्हणून कसे केले ते सांगतो.

पहिली गोष्ट, बक्षीस ठेवले नाही. पहिला-दुसरा नंबर आला की लोक वस्तू सोडून नंबर पाहतात. जो जे आणील ते मांडले.

दुसरी गोष्ट, जागा. वस्तू भिंतीकडेला, डोळ्यांच्या सुमाराच्या उंचीवर मांडल्या. मधून एका बाजूने येण्याची आणि दुसऱ्या बाजूने जाण्याची वाट ठेवली. उजेड खिडकीतून वस्तूवर पडावा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर पडू नये, असे पाहिले. पुढे एक सुतळी बांधली, म्हणजे लोक फार जवळ जात नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक वस्तूखाली एक पाटी लावली. त्या पाटीवर तीन ओळी. वस्तूचे नाव, करणाऱ्याचे नाव, आणि तो काय काम करतो ते. अट एकच होती. पाटी ज्याची त्यानेच लिहावयाची.

काय काय आले म्हणता! पंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाने सुताची गोफण विणून आणली. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी आणली. तिच्यावर धावदोऱ्याने सबंध जात्यावरचे दळण काढले होते. एका मेंढपाळाने घोंगडी आणली, तिची किनार त्याने स्वतः विणली होती. स्मशानभूमीची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने लिंबाच्या लाकडाची चिमणी कोरून आणली. तीस वर्षे आम्ही त्याला पाहतो आहोत. त्याच्या खिशात नेहमी एक लहानसा चाकू असतो, तो कशासाठी, हे त्या दिवशी कळले.

लोक वस्तूपुढे उभे राहात, मग वाकून पाटी वाचीत, आणि मग मागे वळून त्या माणसाला गर्दीत शोधीत. आम्ही दारात उभे राहून हेच पाहात होतो.

मामी वर्गाला येतात. त्यांना जोडाक्षरे अजून जड जातात. त्या बैलजोडी घेऊन आल्या. गळालेल्या शिंगाच्या जागी त्यांनी नवा काटा लावला होता. पाटी लिहायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा कागद बदलला. पहिल्या ओळीत लिहिले, ‘बैल जोडी’. दुसऱ्या ओळीत मामांचे नाव लिहिले. जन्मात नवऱ्याचे नाव त्यांनी उखाण्यावाचून तोंडातून काढले नव्हते, ते त्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिले. तिसऱ्या ओळीपाशी त्या थांबल्या.

“गुरुजी, इथं काय लिहू? शाळेचा शिपाई?”

आम्ही म्हणालो, “ते तर लिहाच. ते काम त्यांनी चोख केलं. पण त्याच्या शेजारी ‘मूर्तिकार’ असंही लिहा.”

मामींनी ‘शिपाई’ लिहिले. ‘मूर्तिकार’ या शब्दातला रफार त्यांना साधेना. आम्ही पाटीवर काढून दाखविला. त्यांनी तो पाहून पाहून काढला, आणि पाटी बैलांच्या पायांशी ठेविली.

मंडळी, तुमच्या घरातही असे काहीतरी असेल. देवळीत, माळ्यावर, पेटीत, कोठेतरी. ते खाली काढा. धूळ पुसा. आणि आता तुम्हाला अक्षर आले आहे, तर ज्याने ते घडविले त्याचे नाव एका कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवा. शेजारच्या माणसालाही विचारा, “काम सुटल्यावर तू काय करतोस?” कदाचित तो हसून म्हणेल, “काही नाही.” तरी पुन्हा एकदा विचारा.